दौंड-शिरूरहून अंदमान: पाठीवर सॅक, खिशाला झेपेल असं

अंदमानचा विषय निघाला की दौंड आणि शिरूर भागातून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पासपोर्ट लागतो का? जहाजाने गेलं तर स्वस्त पडतं का? टूरवाले माणशी मागतात तेवढे पैसे खरंच लागतात का? आपण आपलं गेलो तर तिथे अडकून तर पडणार नाही ना?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. भारतीय नागरिकाला अंदमानच्या पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या बेटांवर जायला ना पासपोर्ट लागतो, ना वेगळा परवाना. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी एक मूळ ओळखपत्र पुरतं. बाकीच्या प्रश्नांसाठी हा लेख आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी करणारे, ऊस कारखान्याला गेल्यावर थोडे मोकळे होणारे शेतकरी, शिक्षक, नवं लग्न झालेली जोडपी, अशा आठ-दहा दिवस काढू शकणाऱ्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. जेमतेम चार-पाच दिवसांची रजा असेल, तर अंदमानचा बेत पुढच्या वर्षावर टाका. तिकिटांवर तेवढाच खर्च होईल आणि हाती धावपळ येईल.

आधी बेटं कमी करा

अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी आठशेहून जास्त बेटं आणि खडक आहेत. पर्यटक जातात ती मोजकी. तरी टूरच्या पत्रकात पाच-सहा नावं असतात आणि आपल्यालाही वाटतं, एवढ्या लांब आलोच आहोत तर सगळं बघून घ्यावं. खर्च वाढतो तो इथेच. प्रत्येक नवं बेट म्हणजे बोटीचं तिकीट, धक्क्यापर्यंतची आणि धक्क्यापासूनची रिक्षा, अर्धा दिवस आणि नवी खोली. एकाच बेटावर तीन रात्री राहिलात तर खोलीचा दर कमी करून मागता येतो, सायकल रोज घ्यावी लागत नाही आणि स्वस्त जेवणाची जागा दुसऱ्या दिवशी सापडते.

म्हणून पहिल्या खेपेला तीनच ठिकाणं धरा: पोर्ट ब्लेअर, नील आणि हॅवलॉक. नावं बदलली आहेत, ती तिकीट काढताना माहीत हवीत. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम असं नामांतर झालं. सरकारी तिकिटांवर नवी नावं दिसतात, बोलण्यात मात्र जुनीच चालतात. हॅवलॉकऐवजी नीलचं तिकीट हाती येऊ नये म्हणून दोन्ही नावं लिहून ठेवा.

कधी जायचं

समुद्र शांत मिळण्याची शक्यता डिसेंबर ते एप्रिल या काळात सर्वांत जास्त. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो. तेव्हा खोल्या स्वस्त होतात, पण बोटी रद्द होतात आणि वाचलेले पैसे अडकून पडण्यात जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही बंगालच्या उपसागरात वादळं होतात. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळता आला तर जरूर टाळा, कारण विमान, बोट आणि खोली या तिन्हींचे दर तेव्हाच चढतात. शाळेच्या सुट्टीचं बंधन नसेल, तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा फेब्रुवारी उत्तम.

दौंडकरांची सोय: रेल्वेने चेन्नई, पुढे विमान

दौंड हे मुंबई-चेन्नई मुख्य मार्गावरचं जंक्शन आहे, याचा फायदा आपण पुरेसा घेत नाही. या मार्गावरच्या गाड्या दौंडहून सोलापूर, वाडी, गुंटकलमार्गे चेन्नईला जातात. अंतर साधारण हजार किलोमीटर, म्हणजे एक रात्र आणि वर काही तास. स्लीपर किंवा थर्ड एसीने चेन्नई गाठलं, की पोर्ट ब्लेअरचं थेट विमान दोन-सव्वादोन तासांचं आहे. पुण्याहून सगळं विमानाने जाण्यापेक्षा यात बऱ्याचदा चांगली बचत होते, पण दर वेळी होतेच असं नाही. दोन्ही आकडे काढून बघा आणि रेल्वेच्या बाजूला जेवण व चेन्नईतल्या मुक्कामाचा खर्च धरायला विसरू नका.

दुसरी वाट कोलकात्याची. पुणे-हावडा आझाद हिंद एक्स्प्रेस दौंडच्या कॉर्ड लाइन स्थानकावरून जाते आणि कोलकात्याहूनही पोर्ट ब्लेअरला विमानं आहेत. पण हा रेल्वेप्रवास दीड दिवसाच्या आसपासचा आहे. कोलकाताही बघायचं असेल तरच तो विचार करा.

तिकिटांचा क्रम असा ठेवा:

- आधी विमान बघा. दोन-तीन महिने आधी दर बरे असतात.
- रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी काढा.
- ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागेपर्यंत कन्फर्म झालं नाही, तर आपोआप रद्द होतं. ते दाखवून डब्यात बसता येत नाही.
- गाडी चेन्नईला पोहोचण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांत किमान आठ-दहा तास सोडा. एक रात्र मध्ये ठेवलीत तर आणखी चांगलं.

या शेवटच्या मुद्द्यावर मी अडून बसेन. रेल्वेचं तिकीट वेगळं, विमानाचं वेगळं. गाडीला उशीर झाल्यामुळे विमान चुकलं तर विमान कंपनीची जबाबदारी काहीच नसते आणि ऐनवेळचं तिकीट सगळी बचत एका फटक्यात गिळून टाकतं. चेन्नईत टॅक्सीची गरज नाही. चेन्नई सेंट्रलहून मेट्रो थेट विमानतळावर जाते. एग्मोरला उतरलात तर तिथून उपनगरी लोकलने तिरुसुलम गाठा, विमानतळ समोरच आहे.

शिरूरकरांनी काय करावं

शिरूरला रेल्वे नाही, पण पुण्याचा लोहगाव विमानतळ नगर रस्त्याच्याच बाजूला आहे, शहर ओलांडावं लागत नाही. त्यामुळे शिरूरहून विमानाचा पर्याय दौंडपेक्षा सोयीचा पडतो. फक्त वाघोलीच्या कोंडीसाठी हातात वेळ ठेवा. पुण्याहून जाताना चेन्नई किंवा दुसऱ्या शहरात विमान बदलावं लागत असेल, तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं शे-दोनशेने स्वस्त दिसली तरी घेऊ नका.

रेल्वेनेच जायचं असेल तर न्हावरा-चौफुला मार्गे दौंड गाठता येतं. रात्रीची गाडी असेल तर एसटीने पुण्याला जाऊन तिथून बसणं सोपं पडेल. आरक्षण करतानाच चढण्याचं स्थानक नीट निवडा.

जहाजाने जावं का?

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून पोर्ट ब्लेअरला प्रवासी जहाजं जातात. सर्वांत खालच्या बंक वर्गाचं तिकीट विमानापेक्षा बरंच स्वस्त असतं. पण समुद्रातच जवळजवळ तीन दिवस जातात, महिन्यातल्या फेऱ्या मोजक्या असतात आणि वेळापत्रक फार आधी कळत नाही. चेन्नईत जहाजाची वाट बघत लॉजमध्ये तीन रात्री काढल्या, तर वाचवलेलं तिथेच संपतं. पंधरा-वीस दिवस मोकळे असतील आणि समुद्रप्रवासाची मनापासून हौस असेल तर जरूर करा. तेही जाताना विमान आणि येताना जहाज असं. म्हणजे जहाज लांबलं तरी बेटांवरचा मुक्काम बुडणार नाही.

बोटी: सगळा बेत यांच्यावर उभा आहे

पोर्ट ब्लेअरहून नील आणि हॅवलॉकला दोन प्रकारच्या बोटी जातात.

सरकारी बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात. हॅवलॉकला सुमारे अडीच तास लागतात. तिकीट काहीशे रुपयांत मिळतं. बेटांवर राहणाऱ्या लोकांची ही एसटीच आहे: त्यांची औषधं, शाळा-कॉलेजं, बाजार सगळं याच बोटींवर चालतं. म्हणून स्थानिकांना प्राधान्य असतं आणि ते असायलाच हवं. आरक्षण फार आधी उघडत नाही. नौवहन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर तिकिटं निघतात. तिथे जमलं नाही तर पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर खोलीवर जाण्याआधी फिनिक्स बेच्या खिडकीवर जा. रांग असते. ओळखपत्र जवळ ठेवा.

खाजगी बोटी हॅडो धक्क्यावरून सुटतात. मकरुझ, नॉटिका, ग्रीन ओशन ही नावं तुम्हाला दिसतील. यातल्या वेगवान बोटी दीड तासाच्या आसपास पोहोचवतात. तिकीट हजाराच्या वर जातं, पण घरबसल्या महिनाभर आधी काढता येतं.

मग काय निवडायचं? पोर्ट ब्लेअरहून बेटावर जाण्याचा पहिला टप्पा खाजगी बोटीने आधीच ठरवून ठेवा, म्हणजे खोलीही आधी घेता येते. नील ते हॅवलॉक हा छोटा टप्पा सरकारी बोटीने करा, तिकीट तिथल्याच धक्क्यावर दोन दिवस आधी मिळतं का बघा. परतीसाठी पहिला प्रयत्न सरकारी बोटीचा करा. ती भरली तर खाजगी आहेच, आणि त्या तिकिटाचे पैसे खर्चात आधीच धरून ठेवा.

इथे चुका कुठे होतात तेही सांगतो.

- बोट आणि विमान एकाच दिवशी. सकाळची बोट घेऊन दुपारचं विमान पकडू, हा हिशेब कागदावर जमतो. हवा बिघडली की बोट रद्द होते आणि त्यावर कुणाचाच इलाज नसतो. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा.
- दुपारच्या बोटीचा आग्रह. सकाळी समुद्र बहुतेक वेळा जास्त शांत असतो. उलटीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर घ्या आणि ती बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी खा. बोट हलायला लागल्यावर खाऊन उपयोग नाही.
- धक्का चुकणं. फिनिक्स बे आणि हॅडो वेगवेगळे आहेत. रिक्षावाल्याला नाव सांगा, तिकीट दाखवा, आणि सुटण्याच्या तासभर आधी पोहोचा.
- एजंटाच्या नावावरचं तिकीट. तुमचं नाव, ओळखपत्र क्रमांक आणि मोबाइल तिकिटावर हवा. बोट रद्द झाल्याचा निरोप आणि परतावा कुणाला येणार, ते त्यावर ठरतं.

नऊ दिवसांचा आराखडा

हे पोर्ट ब्लेअरला उतरल्यापासूनचे दिवस आहेत. जाण्यायेण्याचे वेगळे धरा.

पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेलला अर्धा दिवस द्या, तासाभरात उरकू नका. १८९६ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम १९०६ मध्ये पूर्ण झालं. मूळच्या सात भुजांपैकी तीनच आज उभ्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांना जुलै १९११ मध्ये इथे आणलं आणि ते १९२१ पर्यंत इथे होते. थोरले बंधू बाबाराव हेही याच तुरुंगात होते. मराठी माणूस इथे येतो तो बहुधा एवढं जाणूनच. पण भिंतीवरच्या नावांच्या पाट्या सावकाश वाचा. बंगाल आणि पंजाबच्या किती तरुणांनी इथे आयुष्य घालवलं ते कळतं. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं गर्दीच्या दिवसांत लवकर संपतात. ती सकाळीच काढा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी नील. बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब आहे, भाड्याची सायकल पुरते. भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच आहे, सूर्योदय सीतापूरला बघा, सूर्यास्त लक्ष्मणपूरला. खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीतच जवळून बघता येते, म्हणून खोलीवाल्याला आदल्या रात्री ओहोटीची वेळ विचारा. अंदमानची बरीच भाजी याच बेटावर पिकते. शेतकरी वाचकांनी एखादी सकाळ मळ्यांमधून चालावं.

सहाव्या ते आठव्या दिवसाच्या सकाळपर्यंत हॅवलॉक. धक्क्यावरून राधानगर किनाऱ्याकडे सरकारी बस जाते. रिक्षाचे पैसे वाचवायचे तर तिच्या वेळा उतरल्याबरोबर टिपून घ्या. आठव्या दिवशी पोर्ट ब्लेअरला परत, नवव्या दिवशी विमान.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. आपल्यापेक्षा तिथे सूर्य तासाभराहून जास्त लवकर उगवतो आणि मावळतो, घड्याळ मात्र एकच आहे. हिवाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधारून येतं. आठला उठून दहाला बाहेर पडलात तर निम्मा दिवस गेला.

राहणं, खाणं, फिरणं

जोडीने खोली घेतली, थाळीवर जेवलात आणि सायकल-बस वापरलीत, तर बोटी आणि स्कूबा सोडून माणशी दिवसाला दीड-दोन हजारांत बसवता येतं. एकट्याने जाणाऱ्यांसाठी पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकला डॉर्मिटरी आहेत. पहिल्या दोन रात्रींची खोली आधी घ्या, पुढची बघून घ्या. मात्र सुट्टीच्या हंगामात सगळीच आधी घ्या. किनाऱ्यावर परवानगीशिवाय तंबू ठोकू नका.

जेवण बंगाली आणि दाक्षिणात्य वळणाचं आहे. भात, डाळ, मासळी स्वस्त. शाकाहारी थाळी बाजारात मिळते, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये तीच दुप्पट पडते. घरून चटण्या, दशम्या, लाडू नेलेत तर रेल्वेत आणि पहिल्या दिवशी उपयोगी पडतात. सुकं खोबरं आणि खोबऱ्याचे तुकडे विमानाच्या सामानात चालत नाहीत. पॉवर बँक चेक-इनच्या सॅकमध्ये टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

स्कूटर घेणार असाल तर परवाना मूळ हवा, हेल्मेट मागून घ्या, गाडीवर आधीचे ओरखडे असतील त्यांचे फोटो मालकासमोर काढा. अनामत रक्कम देताना चिठ्ठी घ्या. एटीएम पोर्ट ब्लेअरमध्ये पुष्कळ, हॅवलॉकला थोडी, नीलवर आणखी कमी. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून इंटरनेट सुधारलं. तरी फक्त यूपीआयच्या भरवशावर राहू नका. तीन-चार दिवसांचा खर्च रोख ठेवा.

पाण्यात उतरण्याआधी

हॅवलॉकला पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाबरोबर स्कूबा करता येतं. दर साधारण साडेतीन ते पाच हजार. सर्वांत स्वस्त विचारण्याआधी हे विचारा: एका प्रशिक्षकाबरोबर किती जण? पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटं? फोटो दरात आहेत का? दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, गरोदरपण असेल तर अर्जात लपवू नका. स्कूबानंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही. वरच्या आराखड्यात स्कूबा सातव्या दिवशी सकाळी येतो, म्हणजे ही अट पाळली जाते.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला. किनाऱ्यावर मगरीचा इशारा देणारा फलक असेल किंवा जवळ खाडी आणि खारफुटी असेल, तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका.

प्रवाळ आणि शंख-शिंपले उचलून आणू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. विमानतळावर सामान तपासलं जातं आणि सापडलं तर जप्ती आणि गुन्हा, दोन्ही होऊ शकतं. मेलेला तुकडा होता, हे कारण चालत नाही.

जिथे जायचं नाही

निकोबार बेटांसाठी आदिवासी क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो, सामान्य पर्यटकाने तो बेत करू नये. नॉर्थ सेंटिनेल पूर्ण बंद आहे. एजंट बाराटांगची सहल मात्र आग्रहाने विकतात. तिथला रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरावीक वेळी ताफ्याने सोडतात. त्या रस्त्यावर थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघण्यासारख्या आहेत, ते नाकारत नाही. पण पहाटे तीनला उठून, एका दिवसात मोठा खर्च करून, माणसं राहतात त्या जंगलातून गाड्यांची रांग न्यायची, हे मला पटत नाही. ‘जारवा दिसतील’ असं कुणी विक्रीसाठी सांगितलं, तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. त्याऐवजी पोर्ट ब्लेअरहून बसने चिडिया टापूला जा. जंगल, समुद्र, सूर्यास्त सगळं तिथे तिकिटाच्या थोड्या पैशांत मिळतं.

पैसे अडकले तर तुमचे हक्क

तालुक्यातल्या ओळखीच्या माणसाकडून टूर घेतलीत तरी पावती घ्या. पावतीवर हॉटेलचं नाव, बोट सरकारी की खाजगी, कोणती जेवणं, आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे चारही हवं. ‘थ्री स्टार किंवा तत्सम’ एवढंच लिहिलं असेल तर नाव लिहून मागा.

- कंपनीने विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतली निवड तुमची. फक्त क्रेडिट घ्या असा आग्रह झाला तर नाकारा. तक्रार एअरसेवा पोर्टलवर करता येते.
- तुम्ही चढता त्या स्थानकावर रेल्वेला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे मिळतात.
- हवामानामुळे बोट रद्द झाली तर जागेवरच परतावा किंवा दुसऱ्या फेरीबद्दल विचारा. तिकीट आणि रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा.
- टूरवाला किंवा हॉटेलवाला दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो. म्हणजे एजंट चेन्नईचा किंवा पोर्ट ब्लेअरचा असला तरी तुम्हाला पुण्यातच तक्रार दाखल करता येते. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील लावणं सक्तीचं नाही.

पावत्या, तिकिटं आणि ओळखपत्राचे फोटो निघण्याआधी घरच्या एका माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा. बेटावर फोन पाण्यात पडला तर तेच कामाला येतील.